मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, म्हणजे समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारा कॅमेरा, सेकंड हँड स्वस्तात मिळतो आहे. जेश्चर कंट्रोलच्या, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी संगणक चालवण्याच्या प्रकल्पासाठी तो घ्यावा का, आणि कोणता एसडीके (कॅमेऱ्यासाठी प्रोग्राम लिहिण्याचा सॉफ्टवेअर-संच) शिकावा?

तुम्ही अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विचारले आहे आणि प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे, "ज्यात तयार जेश्चर जास्त असतील ते सुचवा." त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो. तयार जेश्चर किती आहेत, या कसोटीवर एसडीके निवडू नका. कॅमेऱ्याची कच्ची डेप्थ फ्रेम, म्हणजे रंगांऐवजी अंतरे साठवणारे चित्र, तुमच्या हाती येते का आणि ती देणारा कोड उघडा, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारा आहे का, एवढेच पाहा. याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या तेव्हाच्या भागीदाराचे कडाक्याचे वाद झाले होते, आणि त्या वादात माझीच बाजू बरोबर होती असे मी आजही ठामपणे म्हणतो.

२०१३ सालची गोष्ट आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग चालायचे. ऑपरेटरचे हात कायम तेल आणि कूलंटने माखलेले असल्यामुळे ड्रॉइंगचे कागद दोन दिवसांत काळे पडत आणि नेमकी टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) जागा वाचता येईनाशी होई. मालकांची मागणी साधी होती: ड्रॉइंग पडद्यावर दिसावे, आणि कशालाही हात न लावता पान उलटता यावे व मापाची जागा मोठी करून पाहता यावी. आम्ही प्राइमसेन्स या कंपनीच्या तंत्रावर चालणारा एक यूएसबी डेप्थ कॅमेरा घेतला. भागीदाराने एक तयार जेश्चर-लायब्ररी (इशारे ओळखणारा आयता कोड) जोडून घाईघाईने डेमो उभा केला. ऑफिसमध्ये तो सुरेख चालला.

शॉपमध्ये मात्र पहिल्याच पाळीत पाने आपोआप उलटू लागली. मी मशीनपाशी उभा राहून नीट पाहिले, तेव्हा कारण कळले. प्रत्येक जॉब उतरवल्यावर ऑपरेटर कॉटन वेस्टने हात पुसत होता, आणि पुसताना पंजा छातीसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होता. लायब्ररीच्या हिशेबी तो हात हलवून केलेला इशाराच होता. ती लायब्ररी बंदिस्त होती; किती रुंद हालचाल म्हणजे इशारा, ती किती वेळात पूर्ण व्हायला हवी, यातले काहीच आम्हाला बदलता येत नव्हते. भागीदाराचे म्हणणे असे की ऑपरेटरला समजावून सांगू, तो हात पुसताना पाठ फिरवेल. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसाने आमच्या सॉफ्टवेअरसाठी हात पुसण्याची रीत बदलावी, हे मला मुळीच पटले नाही.

मी लायब्ररी काढून टाकली आणि कच्च्या फ्रेमवर स्वतःचा थर लिहिला. त्या फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरमधले अंतर असते आणि शून्य याचा अर्थ अंतर मोजता आले नाही असा होतो. हे विसरून सर्वांत जवळचा बिंदू शोधायला गेलात, तर हात नेहमी कॅमेऱ्याच्या काचेवरच सापडेल. शून्ये वगळून लहानशा चौकोनातल्या आकड्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतला की आकडा बराच स्थिर होतो. नियम मी असा ठेवला की पंजा खांद्याच्या बराच पुढे आला आणि क्षणभर तिथेच थांबला, तरच तो इशारा. हात पुसताना कोपर अंगाला चिकटलेले असते, त्यामुळे पुसणे आपोआप बाद झाले. शिवाय इशारा सुरू होण्याचे अंतर आणि संपण्याचे अंतर वेगवेगळे ठेवले, म्हणजे सीमारेषेवर हात थरथरला तरी पान दोनदा उलटत नाही. हे सगळे चालू असताना भागीदार रोज एकच प्रश्न विचारायचा, "तयार मिळतंय ते सोडून हे कशाला लिहीत बसलास?"

त्याचे उत्तर पुढच्या काही महिन्यांत मिळाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये अशा कॅमेऱ्यांतून फ्रेम वाचणाऱ्या ओपनएनआय या उघड्या सॉफ्टवेअरचे मूळ संकेतस्थळ बंद झाले. ओपनएनआय २ चा उघडा कोड इतरांनी पुढे सांभाळला. प्राइमसेन्सच्या बंदिस्त जेश्चर-लायब्ररीला मात्र वाली उरला नाही. तेव्हापासून हाच क्रम वारंवार दिसला आहे. इंटेलच्या रिअलसेन्स डेप्थ कॅमेऱ्यांसाठीच्या जुन्या विंडोज एसडीकेत हाताचा मागोवा घेणारे भाग होते. तो एसडीके थांबवला गेला, आणि नंतरच्या उघड्या लिबरिअलसेन्समध्ये डेप्थ उत्तम मिळते पण जेश्चर नाहीत. मायक्रोसॉफ्टचा अझूर किनेक्ट २०१९ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर झाले. त्याच्या सेन्सरचा एसडीके बराचसा उघडा होता, शरीराचे सांधे ओळखणारा बंदिस्त.

उद्यमनगरातले आमचे काम टिकले, कारण कॅमेऱ्याशी बोलणारा भाग वेगळा होता. रिअलसेन्स डी४३५ बाजारात आल्यावर आम्ही तो बसवला आणि फक्त फ्रेम वाचणारा तुकडा नव्याने लिहिला. त्यामुळे पश्चिमेच्या शटरमधून दुपारी येणाऱ्या उन्हाचा जुना त्रासही कमी झाला. जुना कॅमेरा इन्फ्रारेड ठिपक्यांचा नमुना टाकून अंतर काढायचा आणि उन्हातल्या इन्फ्रारेडमध्ये ते ठिपके बुडून जायचे. डी४३५ दोन कॅमेऱ्यांच्या प्रतिमांमधील फरकावरून अंतर काढतो, त्यामुळे ठिपके पुसले गेले तरी वस्तूच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून त्याचे काम चालते. मशीनिंग झालेली चकचकीत बाजू मात्र दोघांनाही त्रास देते.

आता तुमचा प्रश्न. लॅपटॉपसमोर बसून बोटांच्या खुणा ओळखायच्या असतील तर डेप्थ कॅमेरा घेऊच नका. मीडियापाईप ही तयार लायब्ररी साध्या वेबकॅमवर हाताचे २१ बिंदू देते. पण तिथला खोलीचा आकडा मनगटाच्या तुलनेत अंदाजलेला असतो, मोजलेला नव्हे, त्यामुळे हात पडद्यापासून किती दूर आहे हे त्यावरून ठरवू नका. खरे अंतर हवे असेल आणि पैशांची सोय होत असेल तर लिबरिअलसेन्सवर चालणारा कॅमेरा घ्या. जुना एक्सबॉक्स ३६० चा किनेक्ट शिकण्यापुरता चालेल. लिबफ्रीनेक्ट ही उघडी लायब्ररी वापरून त्याची डेप्थ फ्रेम आजही मिळते. घेताना यूएसबी आणि वीज जोडणारा वेगळा ॲडॉप्टर सोबत आहे ना ते पाहा, आणि माणूस साधारण ८० सेंटिमीटरपेक्षा जवळ आला तर त्याचे अंतर भरवशाने मिळणार नाही हे धरून चाला.

एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा आग्रह मोजक्या, ठळक इशाऱ्यांपुरता खरा आहे. दहा बोटांच्या बारीक हालचाली किंवा संपूर्ण सांगाडा हवा असेल, तर ते एकट्याने एका वर्षात लिहिण्याचे काम नाही. तिथे तयार मॉडेल घ्या, पण तुमचा नियम आणि ते मॉडेल यांच्यामध्ये स्वतःचा पातळ थर ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून कच्च्या फ्रेम १६ बिटच्या पीएनजीत साठवत जा. कंपनीच्या खास फॉरमॅटमधले रेकॉर्डिंग उघडायला त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. माझ्या २०१३ च्या पीएनजी आजही उघडतात, आणि इशाऱ्यांचा नवा नियम लिहिला की मी तो आधी त्या ऑपरेटरच्या हात पुसण्यावरच तपासतो.