प्रत्येक रसायन मर्यादेत असलं, तरी मिश्रणाचा गर्भावर परिणाम का होतो?

तुमचा प्रश्न असा: प्रत्येक रसायनाची मात्रा ‘परिणाम दिसत नाही’ या पातळीखाली असेल, तर चार रसायनं मिळूनही गर्भाला काही होऊ नये ना? तसं गृहीत धरता येत नाही. याचा सगळ्यात भक्कम पुरावा पांढऱ्या उंदरांच्या नर गर्भांवरच्या कामातून मिळतो, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

या उंदरांचं गर्भारपण 21-22 दिवसांचं. त्यातल्या साधारण पंधराव्या ते अठराव्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाच्या जोरावर नर पिल्लाची जननेंद्रियं घडायची दिशा ठरते. तेवढ्या दिवसांत संप्रेरक कमी पडलं तर गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर घटतं, एरवी नरांत नाहीशी होणारी स्तनाग्रं उरतात, कधी मूत्रमार्गाचं तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला उघडतं. या शेवटच्या दोषाला हायपोस्पाडियास म्हणतात.

प्लास्टिक मऊ करणारं डीबीपी हे थॅलेट गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होणंच कमी करतं. प्रोसिमिडोन हे बुरशीनाशक निर्मितीला हात लावत नाही, संप्रेरक पेशीत जिथे बसतं ती जागा अडवतं. म्हणजे टाकीत पाणी कमी आणि वर नळालाही बूच. कामाची पद्धत वेगळी असलेल्या रसायनांच्या मात्रा एकत्र मोजायची गरज नाही, असा तेव्हा प्रघात होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत अर्ल ग्रे यांच्या गटाने ही दोन्ही गाभण माद्यांना दिली. एकेकट्याने हायपोस्पाडियास जवळजवळ नाही. दोन्ही मिळून सुमारे निम्म्या नर पिल्लांत! रेणूंची वाट वेगळी असली तरी मार बसणारा अवयव एकच होता.

डेन्मार्कमध्ये 2009 साली चार रसायनांचं मिश्रण तपासलं: डीईएचपी हे आणखी एक थॅलेट, विन्क्लोझोलिन आणि प्रोक्लोराझ ही बुरशीनाशकं आणि फिनास्टेराइड हे औषध. बाह्य जननेंद्रियांतले दोष मात्रांच्या बेरजेवरून काढलेल्या अंदाजापेक्षाही जास्त निघाले. यावरून ‘मिश्रण नेहमीच गुणाकार करतं’ असं मात्र म्हणू नका. बहुतेक निकालांत साधी बेरीजच दिसते, आणि माझ्या मते चिंतेला ती पुरेशी आहे.

शिवाय ‘परिणाम दिसला नाही’ म्हणजे त्या प्रयोगात दिसला नाही. गट लहान असेल तर दोन-चार टक्क्यांचा फरक सहज निसटतो. असे शोधनिबंध वाचताना आधी एकच बघा: हिशेब पिल्लांवर केलाय की वेतांवर? एका वेताची बारा पिल्लं म्हणजे बारा स्वतंत्र पुरावे नव्हेत. मात्रा आईला दिलेली असते. इथे गफलत असेल तर पुढचे आलेख वाचण्यात वेळ घालवू नका.

आता तुमच्या घरच्यांच्या काळजीबद्दल, म्हणजे हे आकडे माणसाच्या बाळालाही लागू होतात का याबद्दल. ग्रे यांच्या गटाच्या प्रयोगात डीबीपी दिवसाला किलोमागे 500 मिलिग्रॅम होतं. माणसाच्या शरीरात थॅलेट सहसा किलोमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात जातं. त्यामुळे उंदरांतली टक्केवारी उचलून माणसाच्या बाळाला लावणं चूक. घ्यायचा तो नियम: एकाच अवयवावर मार करणारी रसायनं एकत्र मोजायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2008 मध्ये थॅलेटं आणि तसाच परिणाम करणारी इतर रसायनं एकत्र मोजा असं सुचवलं. युरोपीय संघाने 2018 मध्ये पुष्कळशा वापरातल्या वस्तूंसाठी चार थॅलेटांना मिळून 0.1 टक्क्याची एकच मर्यादा घातली. ती प्रोसिमिडोनसारख्या बुरशीनाशकांना मोजत नाही. त्यांचा हिशेब अजून वेगळ्याच खात्यात होतो.