बायपासनंतर डायलिसिस लागेल का?

बायपास ठरलेल्या घरांतून माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हृदयाचा नसतो. ‘किडनी तर जाणार नाही ना?’ हा असतो.

पेडण्याकडचं एक कुटुंब असंच आलं होतं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडील ६२ वर्षांचे, मधुमेह जुना, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा, किडनी मंदावली की हा आकडा वाढतो) २.१, त्यावरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता, ई-जीएफआर, ३५ च्या आसपास. अँजिओग्राफीत हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीतच अडथळा निघाला. संमतीपत्रात ‘डायलिसिसची गरज पडू शकते’ हे वाचून मुलाने सही न करता कागद घडी घालून खिशात ठेवला. ‘मॅडम, आमच्या वाड्यावरचे काका बायपासला गेले आणि मशीनवर आले. बाबांचंही तसंच व्हायचं असेल तर गोळ्यांवरच राहूदेत.’

‘काही होत नाही हो’ असं मी अशा वेळी कधीच म्हणत नाही, कारण भीती खरी आहे. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या साधारण २० ते ३० जणांचं क्रिएटिनिन वाढतं. बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, डायलिसिस मोजक्यांनाच लागतं आणि त्यातही काहींचं ते तात्पुरतं असतं. मात्र किडनी आधीच कमजोर असेल तर धोका वाढतो. हे मी बाबांच्या समोरच सांगितलं.

मग त्यांना पुढची बाजू दाखवली. किडनी आणि हृदय वेगवेगळे बिघडलेले नव्हते. मधुमेह आणि रक्तदाबाने दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या एकाच वेळी पोखरल्या होत्या. त्यात किडनी मंदावली की फॉस्फरस नीट बाहेर पडत नाही, रक्तवाहिनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं आणि ती ताठ होते. किडनीच्या रुग्णांचा जीव बरेचदा किडनीआधी हृदयच घेतं. छातीतलं दुखणं स्थिर असेल आणि किडनी फारच थकली असेल, तर गोळ्यांवर राहणं हाही शहाणा निर्णय ठरू शकतो. पण डाव्या मुख्य वाहिनीतल्या अडथळ्याला ते लागू नाही, तिथे थांबणं जास्त महागात पडतं.

मुलगा थोडा शांत झाल्यावर आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर उतरवले. अँजिओग्राफीत टोचलेल्या डायनंतर (त्याचाही किडनीवर ताण येऊ शकतो) क्रिएटिनिन पुन्हा तपासलं का, थोडे दिवस थांबता येईल का? महाधमनीत कॅल्शियम किती आहे, आणि धडधडत्या हृदयावर, हार्ट-लंग मशीनशिवाय शस्त्रक्रिया जमेल का? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: कलम, म्हणजे अडथळा ओलांडायला जोडायची रक्तवाहिनी, कुठून घेणार? छातीतली धमनी आणि पायातली शीर वापरतातच, कधी मनगटाकडची धमनीही घेतात. पण पुढे डायलिसिस लागलंच तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, बहुधा त्याच हातात करावा लागतो. म्हणून किडनीच्या रुग्णाने हाताबद्दल आधीच बोलावं. डाव्या हातातून वारंवार रक्त काढू देऊ नये, हेही बाबांना सांगितलं. ‘हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं,’ आई म्हणाल्या.

बोलता बोलता कळलं की बाबा गुडघ्यांसाठी फार्मसीतून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेत होते. त्या दिवशी सगळ्यांत जास्त जोर मी त्यावर दिला. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर तर त्या नकोतच. जेवणात चेपणीतले (मिठात मुरवलेले) आंबे आणि खारी सुकी मासळी रोज असायची, तीही बंद करायला सांगितली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून ‘पौष्टिक’ समजून किडनीच्या आजाऱ्याला पाजू नये, हे आईंना पटायला वेळ लागला. त्यांनी घरची नारळाची झाडं मला मोजून दाखवली.

बायपास झाली. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ३ च्या वर गेलं, लघवी कमी झाली आणि मुलाचा फोन आला. त्या रात्री त्याच्याशी बराच वेळ बोलले. डायलिसिस लागलं नाही. घरी जाताना आकडा उतरू लागला होता, पुढे तो २.३ वर स्थिरावला. तेवढी किडनी कमी झाली, हे मी त्यांना लपवलं नाही. आता हृदयाच्या डॉक्टरांइतक्याच नेमाने ते किडनीच्या डॉक्टरांकडे जातात, दर भेटीला फॉस्फरस आणि लघवीतलं प्रथिन तपासून घेतात. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सुरू आहे.