दोन फुटी टाकीत गोल्डफिश किती राहतील आणि सोबत कोण चालेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फोंड्याला फ्लॅट, घरात २×१×१ फुटाची काचेची टाकी, मुलीला गोल्डफिश हवेत. दुकानदार म्हणतो की सहा गोल्डफिश, काच साफ ठेवायला एक सकर आणि शोभेला दोन एंजल आरामात राहतील. विहिरीचं पाणी चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

सहा सोडाच, त्या टाकीत कायमचा एकही गोल्डफिश ठेवू नका. दुकानात बोटाएवढा दिसतो ते पिल्लू असतं. ओरांडा, रियुकिन, फॅनटेल, ब्लॅक मूर अशा दुहेरी शेपटीच्या, गोल अंगाच्या जाती १५ ते २० सेंटिमीटर होतात. कॉमेट आणि साधा लांबट गोल्डफिश २५-३० सेंटिमीटरपर्यंत जातो. नीट सांभाळला तर हा मासा १०-१५ वर्षं जगतो. ‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो’ असं सर्रास सांगतात. त्याची वाढ खुंटते ती घाणेरड्या पाण्यामुळे, आणि असा मासा लवकर मरतो.

टाकीचं पाणी मोजायला लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. तुमची टाकी ५६ लिटरची भरते. वरची दोन इंच मोकळी जागा आणि वाळू वजा केली की जेमतेम ४५. गोल जातींसाठी मी पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतो. म्हणजे ३×१.५×१.५ फुटाची टाकी, जिच्यात प्रत्यक्ष १६०-१६५ लिटर पाणी राहतं, ती तीन माशांची. ४×१.५×१.५ फुटाची चार माशांची. उंच, अरुंद टाकी घेऊ नका. हवा पाण्यात मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून, त्यामुळे लिटर तेवढेच असले तरी पसरट टाकी उजवी. काचेच्या गोल भांड्यावर तर विचारही करू नका.

आता गोव्यात माशामागे लिटरचा हा आकडा आणखी खाली का आणायचा नाही ते सांगतो. गोल्डफिशला २०-२४ अंश पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या टाकीचं पाणी ३० च्या पुढे जातं. २० अंशांना पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची भूक, श्वास आणि विष्ठा वाढते. भरीला, पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) तोच राहिला तरी २० वरून ३० अंशांवर जाताना माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियातला विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. थंड प्रदेशातलं पुस्तक ज्या टाकीत तीन मासे सांगतं, तिथे आपण दोनच ठेवले तर ते जास्त शहाणपणाचं. टाकीवर टेबलफॅन लावला तर एक-दोन अंश उतरतात, पण हवा दमट असल्याने त्याहून जास्त अपेक्षा धरू नका. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर, आणि एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू. पावसाळ्यात रात्री वीज गेली की जास्त मासे असलेली टाकी सकाळपर्यंत टिकत नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

३ फुटी टाकी भरली की स्टँड सोडून सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. काच ८ मिलिमीटरची घ्या. खाली थर्मोकोलची शीट घाला, नाहीतर स्टँडच्या एका उंचवट्यावर भार येऊन तळाची काच तडकते. लोखंडी स्टँड इथल्या हवेत लवकर गंजतो, सांध्यांवर रंग नीट बसलाय का ते हात फिरवून बघा. फिल्टर तासाला १,००० ते १,५०० लिटरचा, पण पाण्याचा झोत भिंतीवर किंवा आडव्या छिद्रांच्या नळीतून सोडा. गोल अंगाचा मासा जोराच्या प्रवाहात दिवसभर पोहून दमतो.

पाण्याकडे येतो, कारण इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त मासे जातात आणि कारण कळत नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा मृदू आणि थोडं आम्लधर्मी असतं, त्यात विरघळलेला कार्बोनेट फार कमी. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा हाच कार्बोनेट खर्च होतो. तो संपला की पीएच घसरत ६ पर्यंत येतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. टाकी वरून स्वच्छ दिसते. मासे मात्र तळाशी बसतात, पंख मिटून घेतात. आत अमोनिया साठत असतो, फक्त कमी पीएचला तो बिनविषारी रूपात असतो. अशा वेळी घरचा माणूस ‘पाणी खराब झालं’ म्हणून अर्धी टाकी रिकामी करून नळाचं पाणी भरतो. पीएच एकदम वर जातो, साठलेला अमोनिया विषारी होतो आणि मासे तासाभरात वरवर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दोष नळाच्या पाण्याला दिला जातो. पीएच असा घसरलाच तर रोज १० टक्के पाणी बदलत आठवडाभरात सावरा.

हे टाळायला कार्बोनेट कडकपणाचं टेस्ट किट घ्या आणि आकडा ४ अंशांच्या वर ठेवा. उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या मांस पूर्ण काढून उकळा, उन्हात वाळवा, जाड ठेचा आणि मूठ-दोन मूठ जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की त्या विरघळतात, नाहीतर तशाच राहतात, त्यामुळे अति होत नाही. आकडा आजच वाढवायचा असेल तर १९० लिटरला चहाचा एक सपाट चमचा खायचा सोडा साधारण एक अंश वाढवतो, दिवसाला त्याहून जास्त नको. धुण्याचा सोडा चुकूनही नको. विहिरीचं पाणी काढल्या काढल्या तपासू नका. एक दिवस एअरस्टोन लावून बादलीत ठेवा, मग खरा पीएच कळतो. विहीर खाडीच्या जवळ असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघा. नळाचं पाणी वापरलं तर अँटिक्लोरीन घाला.

नव्या टाकीत पहिल्या दिवशी मासे नकोत. फिल्टर चालू करून रोज चिमूटभर खाद्य टाका आणि तीन ते सहा आठवडे थांबा. ओळखीतल्या कोणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासे आणा. पुढे दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदला. काढलेलं पाणी तुळशीला, माडाला घाला, नायट्रेटमुळे झाडांना उत्तम.

सोबत्यांचं उत्तर : गोल्डफिशला सोबती गोल्डफिशच, आणि तोही आपल्यासारख्याच चालीचा. ब्लॅक मूरची नजर अधू असते. दाणा पडला की तो वास घेत, तोंडाने वाळू चाचपत तिथवर पोचतो, तोवर कॉमेटने तीन दाणे गिळलेले असतात. महिनाभरात कॉमेट गुटगुटीत आणि मूरची पाठ खपाटीला गेलेली दिसते. ओरांडा, रियुकिन, फॅनटेल एकत्र चालतात. मूर आणि टेलिस्कोप एकमेकांबरोबर, बबलआय फक्त बबलआयबरोबर.

सकर नकोच. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. सकाळी कुशीवर खवले गेलेला पांढुरका, लालसर कडांचा डाग दिसला तर काम त्याचंच. शिवाय तो दीड फुटापर्यंत वाढतो. कंटाळून त्याला ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, आपल्या पाण्यातल्या माशांवर ती आपत्ती आहे. गोल्डफिशही सोडू नये. दुकानात परत द्या.

एंजलला उष्ण पाणी लागतं म्हणून नको, असं पुस्तकं सांगतात. गोव्यात तापमानाची ही अडचण फारशी नाही, तरी तो नकोच, कारण एंजल लांब शेपट्या टोचतो. टायगर बार्ब त्याहून वाईट. गप्पी तोंडात मावतो म्हणजे तो खाद्यच. कॉरिडोरास हा छोटा काटेरी मासा, तो गिळताना त्याचे काटे गोल्डफिशच्या घशात अडकतात आणि दोघेही मरतात. पॅरट, फ्लॉवरहॉर्न मारकुटे. कोई दोन फुटी होतो. मोठ्या गोगलगायी चालतात, पण मृदू पाण्यात त्यांचं कवच झिजतं, तिथेही शिंपल्यांची पिशवी कामी येते. झाडं हवी असतील तर दगडाला बांधलेलं अनुबियास. बाकीचं बहुतेक हिरवं फस्त होईल.

कॉमेटच हवा असेल आणि गावी अंगण असेल तर १,००० लिटरचं सावलीतलं सिमेंटचं टाकं बांधा. वर जाळी हवी, खंड्या आणि दिवड दोघांनाही लाल मासा लांबून दिसतो. पावसाळ्यासाठी जाळी लावलेलं उतू-छिद्र ठेवा, नाहीतर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे गटारात.

तुमची दोन फुटी टाकी फेकू नका. नवा मासा आणला की तीन-चार आठवडे तिच्यात वेगळा ठेवा, रोग असेल तर तिथेच दिसेल. दाणे बुडणारे घ्या, दोन वेळा, मिनिटभरात संपतील एवढेच. चवथीला गावी जाल तेव्हा मोठे, निरोगी मासे पाच दिवस उपाशी सहज राहतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली दिली तरी खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी टाकलेलं मूठभर खाद्य कुजून टाकी दोन दिवसांत जाते.