यादीत खालची लेकरं खेळणं का सोडतात

गंगाखेडच्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा: आठवी ते दहावीच्या गणिताच्या वर्गात त्यांनी मोबाईलवर गुण, बिल्ले आणि क्रमवारी सुरू केली. सुरुवातीला लेकरं रात्री उशिरापर्यंत उदाहरणं सोडवायची, आता वरची पाच-सहाच खेळतात. बक्षीस वाढवावं का? आणि मेहुण्यांच्या वाळूजमधल्या वर्कशॉपमध्ये कामगारांसाठी हेच लावता येईल का?

सर, बक्षीस वाढवू नका. आधी क्रमवारी काढून टाका.

तुमचे गुण पहिल्या दिवसापासून साठत जातात, म्हणजे पुढचा पुढेच राहणार. खालच्या लेकराला पंधरवड्यात कळतं की आता कितीही केलं तरी आपलं नाव वर जात नाही. मग ते सोडतं, आणि त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी सोडलंच असतं. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की परत आत येतो. तुमच्या यादीत परत यायला वाटच नाही. गुण, बिल्ले हा नुसता धावफलक झाला. त्याच्यामागे खेळ ठेवायचा राहून गेला.

कुणीतरी आता लातूरचं नाव काढेल. ट्यूशन एरियातले रँकचे फोटो सगळ्यांना दिसतात, पण तिथलं खरं काम पुन्हा पुन्हा होणाऱ्या चाचण्या आणि चुकलेल्या प्रश्नांवर परत बसणं हे आहे. शिवाय मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षाच रँकची, तिथे पोरगं ठरवूनच आलेलं असतं. आठवीतल्या लेकराने अजून काहीच ठरवलेलं नसतं.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. पहिल्या वर्षाच्या पोरांना फायलिंगचा भयंकर कंटाळा. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरून तासन् तास कानशीने घासायची, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडासमोर धरायची, फट दिसली की परत घासायची. तिथे एक साधी गोष्ट चालली. व्हर्नियर हे मोजायचं हत्यार लावायच्या आधी प्रत्येकाने आपल्या जॉबचं, म्हणजे घासलेल्या पट्टीचं, माप अंदाजाने टेबलावर खडूने लिहायचं. मग मोजायचं. अंदाज आणि माप यांत ज्याचा फरक सगळ्यात कमी, तो जिंकला. ज्याचा जॉब सगळ्यात वाकडा तोही जिंकू शकायचा, आणि बऱ्याचदा जिंकायचा, कारण आपला जॉब वाकडा आहे हे त्याला पक्कं माहीत असायचं! थोड्याच दिवसांत पोरं मी न सांगता पट्टी उजेडासमोर धरायला लागायची.

गणितात हे सहज जमतं. 360 रुपयांवर 15 टक्के सूट किती? आधी अंदाज लिहायचा, ‘पन्नासच्या आसपास’. मग सोडवायचं, 54. कुणाला 540 आलं तर त्याचं त्यालाच हसू येतं, तुम्हाला लाल शाई लावावी लागत नाही. पुढची पायरी म्हणजे उत्तराशेजारी ‘पक्कं’, ‘बहुतेक’ किंवा ‘अंदाजाने’ असं लिहायला लावा. ‘पक्कं’ लिहून बरोबर आलं तर जास्त गुण, पण चुकलं तर गुण जातील. ‘अंदाजाने’ लिहून चुकलं तर काही जात नाही. येत असून घाबरणारी आणि येत नसून ठोकून देणारी, दोन्ही लेकरं तुम्हाला लगेच दिसतील.

सलग दिवसांची साखळी मोजत असाल तर तिला खाडे चालले पाहिजेत. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकरू चार दिवस येत नाही. तेवढ्याने साखळी तुटून शून्यावर आली की पाचव्या दिवशीही येणार नाही. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये साखळी गोठवायची सोय याचसाठी आहे.

बक्षिसाबद्दल एक जुना प्रयोग माहीत असावा. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीत चित्र काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्र काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड मात्र टिकून होती. तेव्हा ज्या लेकराला गणित आवडतं त्याला सौदा दाखवू नका. द्यायचंच तर कधीतरी अचानक द्या.

स्पर्धाच वाईट असं मी म्हणत नाही. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा, 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाला, त्यात आपलं अंबाजोगाई होतं. 2018 पर्यंत तालुके 75 झाले. 2016 चं पहिलं बक्षीस साताऱ्याकडच्या वेळू गावाला गेलं. बहुतेक गावांना बक्षीस नाही, पण खोदलेले चर त्यांच्याच शिवारात राहिले. गुण माणसाला नव्हते, गावाला होते. कशाला किती गुण हे आधीच ठरलेलं, गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण, आणि मुदत दीड महिन्याची. तुमच्या वर्गात हुशार-कच्ची मिसळून गट करा आणि गटातल्या किती जणांनी स्वतःचे मागच्या आठवड्याचे गुण ओलांडले एवढंच मोजा. दर महिन्याला पाटी कोरी.

आता मेहुण्यांचं. कामगारांच्या वेगाची यादी भिंतीवर लावू नका म्हणावं. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या हॉटेलांतल्या धुलाई विभागात प्रत्येकाचा वेग पडद्यावर झळकायचा. कामगारांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ असं नाव ठेवलं, आणि 2011 मध्ये ते पेपरात छापून आलं. आपल्याकडे एका कारखान्यात (नाव नको) महिनाभर अपघात नाही तर सगळ्या लाइनला मिठाईचा पुडा, अशी योजना होती. बोट कापलं की पोरगं चिंधी गुंडाळून शिफ्ट पूर्ण करायचं, कारण नोंद झाली तर सगळ्यांचा पुडा जाणार आणि शिव्या त्याला. रजिस्टर स्वच्छ, चिंध्या लाल.

तिथे गुण द्यायचेच तर ‘थोडक्यात वाचलो’ असं सांगणाऱ्याला द्या. मशीनचा गार्ड ढिला आहे, जमिनीवर तेल सांडलंय, अशी नोंद करील त्याला. आणि या नोंदी ज्या बोर्डावर लागतील त्यावरच मेहुण्यांच्या स्वतःच्या नावाचा रकाना ठेवा: किती तक्रारी आल्या, किती मिटवल्या, कुठल्या तारखेला. कामगार पहिल्यांदा तोच रकाना वाचतील, आणि तो रिकामा दिसला तर दुसऱ्या आठवड्यापासून नोंदी बंद होतील. स्वतःचं नाव लावायची मेहुण्यांची तयारी नसेल तर बोर्ड लावूच नका, त्या पैशात चांगले हातमोजे येतील.