लग्नाच्या मिस्सामध्ये सीएनआयवाल्याला कम्युनियन? (जरा लांब उत्तर)

तुमची पोस्ट नवऱ्याला पण वाचून दाखवली. तुम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रॉटेस्टंट), होणारी बायको वसईची कॅथलिक, फादर म्हणाले लग्नाच्या मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) तुम्हाला कम्युनियन (आपण प्रभुभोजन म्हणतो ते) देता येणार नाही आणि तुमची आई भडकलीय. आमचं सेम, फक्त उलट, मी आपल्यातली, म्हणजे सीएनआयची, आणि नवरा वसईचा कॅथलिक. बॅन्स (चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना), लग्नाआधीचा कोर्स वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडते.

फादर चुकीचं सांगत नाहीयेत. कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) कलम ८४४ वाचा. प्रॉटेस्टंट माणसाला मरणाची वेळ आली किंवा बिशपना तशीच गंभीर गरज वाटली तरच देता येतं, ते पण आपला पाळक मिळत नसेल, स्वतःहून मागितलं असेल आणि कम्युनियनबद्दल विश्वास कॅथलिकांसारखाच असेल तर. लग्न त्यात बसवणं अवघड. आणि त्यांच्या नियमाने तुमची बायको पण आपल्याकडे प्रभुभोजन घेऊ शकत नाही, हे आईला आत्ताच सांगा, नाहीतर पहिल्याच रविवारी ‘सूनबाई बसूनच राहिली’ सुरू होईल.

पण आमचा खरा त्रास कम्युनियनचा नव्हताच. एका पॅरिशच्या (तिथल्या कॅथलिक चर्चच्या) ऑफिसमध्ये (नाव घेत नाही) सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा चालत नाही, परत घ्यावा लागेल. पप्पांनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला नगरच्या चर्चमधून आणलेला, प्लास्टिकच्या पाकिटात जपून, आणि क्लार्कबाईंनी पाकीट न उघडताच पेनाच्या टोकाने परत सरकवलं. पप्पा आमच्या मंडळीत इतकी वर्षं वडील (एल्डर) म्हणून सेवा केलेले, तिथे एक शब्द बोलले नाहीत पण घरी आल्यावर म्हणाले मग तुला काय आम्ही नुसती आंघोळ घातली होती का. महिनोन्महिने घरात तेच, लग्न पुढे गेलं, हॉलचा डिपॉझिट गेला. नंतर दुसऱ्या एका फादरनी दाखला बघितला आणि चहा संपायच्या आत सांगितलं की पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आम्ही मानतो, खरीच शंका असल्याशिवाय परत द्यायचा नसतो. कलम ८६९. म्हणजे त्यांचाच नियम त्यांच्याच ऑफिसला माहीत नाही! तुम्हाला कोणी असं म्हणालं तर तिथे वाद घालू नका, थेट फादरना किंवा बिशप हाऊसला विचारा.

आता माझं मत, पटलं तर घ्या. कम्युनियनचं टेबल प्रभूचं आहे, बाप्तिस्मा झालेल्या आणि विश्वासाने येणाऱ्या कुणालाही बोलवावं. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यात बाळांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि न मानणारे पण होते, तरी एका टेबलावर बसलेच ना? माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्माची माणसं मेणबत्त्या घेऊन उभी असतात, कोणी विचारत नाही तू कोण. नवरा म्हणतो मेणबत्ती वेगळी आणि कम्युनियन वेगळं, आम्ही ते घेतो म्हणजे आमचं चर्च एक आहे असं म्हणतो, एक नसताना कसं म्हणायचं. त्याचंही खोटं नाही. आमचं यावर अजून भांडण होतं.

पण लग्नाच्या दिवशी हे भांडण नको. सरळ मिस्साशिवायचा विधी मागा. कॅथलिक आणि दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला असं जोडपं असेल तर मुळात तोच ठेवलाय, मिस्सासकट करायला वेगळी परवानगी लागते. वाचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद सगळं होतं, फक्त कम्युनियन नसतं, म्हणजे अर्धं चर्च रांगेत आणि नवरदेवाची आई बाकावर असा सीन होत नाही. सासरचे म्हणतील हे कसलं अर्धवट लग्न, म्हणू देत, लग्न पूर्णच असतं.

मुलांना कॅथलिक वाढवायचा शक्य तेवढा प्रयत्न करीन हे वचन तुमच्या बायकोने द्यायचं असतं, तुम्हाला फक्त त्याची कल्पना द्यायची असते. तुमच्याकडून पण वचन लिहून मागत असतील तर का ते विचारा.

मी काही कॅनन लॉयर नाही, फादरना विचारूनच ठरवा. आणि दाखल्यावरचं स्पेलिंग आधारशी आत्ताच जुळवून बघा, गावच्या चर्चमधून दुरुस्ती करून आणायला फार वेळ जातो.