तुमचे प्रश्न: धूर रात्रीचा, मोजणी दुपारची

मागच्या अंकात क्लायमेटवर, म्हणजे हवामान बदल आणि त्यातल्या न्यायावर लिहिलं तेव्हापासून बरेच मेल आले, बहुतेक कॉलेजमधल्या मुलामुलींचे. त्यातले चार घेतेय. मी स्वतः पर्यावरण कायदा शिकतेय, अजून विद्यार्थिनीच आहे, त्यामुळे 'ताई' म्हणून लिहिलंत तरी बरोबरीच्या मैत्रिणीशी बोलताय असंच समजा.

प्रश्न: ताई, हवा सगळ्यांची एकच, वादळ काही गरीब-श्रीमंत बघून येत नाही, मग यात 'न्याय' कुठून आला? (प्रथम वर्षाचा विद्यार्थी)

वादळ बघत नाही, खरंय. पण कारखाना कुठे टाकायचा, घाण कुठे पुरायची हे माणसंच नकाशावर बोट ठेवून ठरवतात ना. 1982 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत पीसीबी नावाच्या विषारी रसायनानं खराब झालेली माती पुरायचं ठरलं आणि जागा निवडली ती गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात. लोक ट्रकसमोर रस्त्यात आडवे झाले, 500 च्या वर अटका झाल्या, तरी माती तिथेच पुरली. पण 'पर्यावरण न्याय' या चळवळीनं जोर धरला तो तिथून, आणि 1987 साली देशभराचा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं की घातक कचऱ्याच्या जागा कुठे असणार याचा अंदाज लोकांच्या उत्पन्नापेक्षा त्यांच्या वंशावरून जास्त नीट लागतो.

हवामानाचंही तेच आहे. 1750 पासून कोळसा, तेल, गॅस जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड वर गेला त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा साधारण एक चतुर्थांश, अख्ख्या आफ्रिका खंडाचा 3 टक्क्यांच्या आसपास. आणि यातला बराचसा वायू शेकडो वर्षं वरच राहतो, म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांनी जाळलेल्या कोळशाचा ताप आज भलताच कुणीतरी सोसतोय.

प्रश्न: आम्ही रॅली काढली, 'पृथ्वी वाचवा'ची पोस्टर्स लावली, झाडं लावली. काहीच हललं नाही. घरचे म्हणतात अभ्यास कर, हे तुझं काम नाही. सोडून द्यावंसं वाटतंय. (द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी)

थांब, सोडायच्या आधी एक गोष्ट ऐक, मला स्वतःला फार धीर देते ही. 2019 मध्ये व्हानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटदेशात साउथ पॅसिफिक विद्यापीठाचे 27 विद्यार्थी कायदा शिकत होते. समुद्र वर येतोय, चक्रीवादळं घरं नेतायत, आणि वर्गात विषय निघाला की या संकटावर कायद्यानं सगळ्यात मोठं काय करता येईल. उत्तर निघालं की हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून मत मागायचं, देशांची हवामानाबाबत कायदेशीर जबाबदारी नक्की काय आहे ते. वर्ग संपल्यावर पोरांनी विषय सोडला नाही, पॅसिफिक बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली, व्हानुआतूच्या सरकारनं ते उचललं, मग वर्षानुवर्षं एकेका देशाला पटवणं चाललं आणि 29 मार्च 2023 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं असं मत मागणारा ठराव एकमतानं मंजूर केला, 130 हून जास्त देश त्यात सामील होते. 23 जुलै 2025 ला न्यायालयानं, तेही एकमतानं, सांगितलं की हवामानाला धक्का पोचू न देणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर नुकसानभरपाईसुद्धा द्यावी लागू शकते. हे सल्लागार मत आहे, निकालासारखं बंधनकारक नाही, पण आता जगातल्या कुठल्याही कोर्टात वकील ते पुढे ठेवू शकतो.

यात सहा वर्षं गेली, तेवढ्यात डिग्री संपून माणूस नोकरीलाही लागतो. मला महत्त्वाचं हे वाटतं की त्यांची मागणी एकच होती आणि ती कुणाकडे करायची हे ठरलेलं होतं. तुमचं 'पृथ्वी वाचवा' वाचून नक्की कुणी उद्या सकाळी उठून काय करायचं? ते एका वाक्यात लिहून बघा, नावानिशी, कोणत्या ऑफिसनं, कोणत्या तारखेपर्यंत. आणि घरच्यांना सांग की या 27 जणांनी हे अभ्यास सोडून केलं नाही, ते अभ्यासातूनच निघालं.

प्रश्न: मी एसी वापरतो, कधी विमानानंही जातो. मग क्लायमेटवर बोलायचा मला हक्क आहे का?

आहे. कमी करता येईल तेवढं कर. पण 'कार्बन फूटप्रिंट' (एकेका माणसाच्या वागण्यानं हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब) हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता हे लक्षात ठेव. तू अपराधी वाटून गप्प बसलास तर त्याचा फायदा कुणाला, विचार कर.

प्रश्न: आमच्या ग्रुपला कचरा डेपोशेजारच्या वस्तीत काम करायचंय. सुरुवात कशी करू? (पाच मैत्रिणी)

आम्ही चुकीची केली होती, ती सांगते. सहाजण गेलो, चाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म आणि हवा मोजायचं छोटं मशीन घेऊन, लेक्चर संपवून दुपारी. रीडिंग ठीकठाक यायचं. एका मावशींनी आमचे सगळे प्रश्न शांतपणे ऐकले आणि मग खिडकीकडे बोट दाखवलं, फटीत ओलं फडकं कोंबलेलं, कडेनं काळं पडलेलं. म्हणाल्या, "धूर रात्री अकरानंतर येतो, तुम्ही ऊन असताना येता." आमच्या फॉर्ममध्ये वेळेचा रकानाच नव्हता! त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र पेन्सिलीच्या फुल्या होत्या, ज्या रात्री नातवाला खोकल्यानं झोप लागली नाही त्या तारखांवर. चार महिन्यांच्या फुल्या.

मग आम्ही मशीन त्यांच्याच घरी ठेवलं. रात्रीचे आकडे आणि कॅलेंडरचे फोटो जोडून अर्ज केला, संबंधित ऑफिसनं आधी 'दिवसा तर नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवला, दुसऱ्यांदा मात्र मावशी आणि आणखी चौघीजणी स्वतः गेल्या आणि बोलल्या, तेव्हा रात्रीची तपासणी लागली. धूर पूर्ण थांबलेला नाही, आठवड्यातल्या काही रात्री अजून येतो.

म्हणून बोलू त्यांना द्या, फोटोतही पुढे त्याच राहू देत. जानेवारी 2020 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला, जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी, पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा फोटो निघाला तर युगांडाच्या व्हेनेसा नकाते, त्यांच्यातल्या एकट्या कृष्णवर्णीय, बातमीच्या फोटोतून कापल्या गेल्या होत्या. ज्यांच्यावर बेततं त्यांनाच कडेला टाकायची सवय आपल्यालाही पटकन लागते.

आणि मोजलेले आकडे लगेच वस्तीत नेऊन दाखवा, त्यांना कळेल अशा भाषेत. आम्ही त्याला दोन महिने लावले. मावशींनी आम्हाला दारातच सुनावलं, "आमच्या घरातली हवा, आणि आम्हालाच शेवटी सांगता होय?"