कुलूपबंद घराचं लाईट बिल

प्रश्न : दादा, आमचं घर गोव्यात डिचोलीजवळ गावात. मिस्टर बोटीवर, मी मुलांच्या शाळेसाठी म्हापशात भाड्याने राहते. गावच्या घराला कुलूप, मीटर बाल्कांवच्या (पुढच्या व्हरांड्याच्या) ग्रिलच्या आत. पाच महिने सरासरी बिलं आली ती भरली, आता एकदम साडेनऊ हजारांचं आलंय आणि भरा नायतर लाईट कापतो म्हणतात. घरात फ्रीजसुद्धा बंद असतो. काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका, पण आधी एकदा घरी जाऊन या. डिजिटल मीटरवर तारीख, वेळ, बरेच आकडे एकामागून एक फिरतात, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा आला की फोटो काढा आणि बिलावरच्या रीडिंगशी जुळवा. जुळला तर वीज खरंच वापरली गेलीय (विहिरीचा पंप कोण चालवतं ते शेजाऱ्यांना विचाराच, कुळागराला (सुपारीच्या बागेला) पाणी घालणारा माणूस कुलूपबंद घराची पण वीज खातो).

आता खरी गंमत स्लॅबची. आपल्या गोव्यात घरगुती दर शंभर-शंभर युनिटच्या टप्प्याने वाढत जातो. समजा सहा महिन्यांत ६०० युनिट झाले, म्हणजे महिन्याला शंभर, सगळे पहिल्याच स्वस्त स्लॅबमधले. तेच ६०० एका महिन्याचे धरले तर चारशेच्या वरचे दोनशे सगळ्यात महाग दराने लागतात. म्हणून वीज खात्याच्या ऑफिसात अर्ज द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की युनिट महिनावार विभागून बिल करा आणि आधी भरलेली सरासरी बिलं वजा करा. तोंडी सांगून काय होत नाय, दोन प्रती न्या, एकीवर पोचचा शिक्का घ्या.

केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत आहे की आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिलं (तुमची ती सरासरी बिलं) द्यायची नाहीत, त्यापुढे चालूच राहिली तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे भरायला नकार देता येतो. आणि तुमच्यासारख्यांच्या सगळ्यात कामाचं म्हणजे मीटर लागोपाठ दोन वेळा रीडरला बघता आला नाही तर तुम्हीच फोटो, तारखेसकट, रजिस्टर मोबाईलवरून किंवा ईमेलने पाठवू शकता, मग अंदाजी बिल काढायचं नाही. ग्रिलची चावी कोणाकडे तरी ठेवा आणि महिन्याला एक फोटो मागवा.

मीटरच जोरात पळतो असं वाटलं तर तपासणी मागा. याच नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार तक्रारीनंतर ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून निदान तीन महिने खप बघायचा असतो.

कापण्याचं म्हणाल तर वीज कायदा २००३ चं कलम ५६, पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवीच, फोनवरची धमकी म्हणजे नोटीस नव्हे. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा, लाईट कापता येत नाही. पोटभर उत्तर नाही मिळालं तर विजेच्या तक्रारींचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर वीज लोकपाल. आपल्याकडे वीज विकणारं सरकारी खातं एकच, दुसऱ्याकडे जातो म्हणायची सोय नाही, म्हणून हा रस्ता माहीत हवा.

प्रश्न : पर्वरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मालक युनिटला मनाला येईल तो दर लावतो, बिल दाखवत नाही.

उत्तर : बिल मागा, तो तुमचा पैसा आहे. नाही दिलं तर वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही कनेक्शन मागू शकतो. भाडेकरार मात्र नीट केलेला हवा, नुसत्या शब्दावर राहत असाल तर आधी तो कागद करून घ्या.